आतला हो

ग्रानसेले, १४ जानेवारी १९९८

सोल्वेग,

कुणी गेलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण अकरा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात तेच आलं असणार. मी ठीक, आनेली ठीक, घराचं छप्परही अजून डोक्यावर आहे. एक प्रश्न पडलाय आणि तो तुझ्या कामातला आहे, म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण फोन आपटून ठेवता येतो. पत्र मात्र फाडायच्या आधी तू एका कोपऱ्यातून तरी वाचशील. तुझा स्वभाव मी ओळखून आहे.

तुझ्या भाचीला, आनेलीला, मुलगी झाली हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. ईल्वा नाव. एकवीस महिन्यांची आहे. आनेली वृद्धाश्रमात कामाला जाते, त्यामुळे सकाळी सातपासून चारपर्यंत पोर माझ्याकडे. मी आता आजी आहे, आणि तुला हसायचं असेल तर हस, मला ते काम जमतं.

गेल्या आठवड्यात आनेली आणि मी तिला तपासणीला घेऊन गेलो होतो. नवी नर्स आलीय, मालिन. दक्षिणेतल्या स्कोनेकडची आहे, तुझ्याच बाजूची म्हणायची आता. चांगली मुलगी आहे, हात गरम करून मग मुलाला लावते. तिने टेबलावर बूट, चमचा, चेंडू, बाहुली मांडली आणि विचारलं, "चमचा कुठे?" ईल्वाने छताकडे पाहिलं. "हा बूट आहे ना?" ईल्वाने नर्सच्या कानातल्यांकडे पाहिलं. असं सहा-सात वेळा. मधेच मालिन मला म्हणाली, "हिला सर्दी झालीय का? श्वास अडकल्यासारखा घेते." मी म्हटलं, सर्दीबिर्दी काही नाही.

"किती शब्द बोलते?"

"बोलत नाही. पण समजतं सगळं."

"कशावरून?"

कशावरून? मला माहीत आहे की तिला समजतं. मी विचारते, ती उत्तर देते, दिवस पुढे जातो. पण उत्तर कसं देते हे मला सांगता आलं नाही. बासष्ट वर्षांची बाई, आणि रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट सांगता येत नाही.

मालिनने कागदावर लिहिलं: प्रतिसाद नाही. एप्रिलमध्ये ती दोन वर्षांची झाली की परत बघायचं. तेव्हाही असंच असलं तर उमेओच्या मोठ्या इस्पितळात पाठवणार, कान तपासायला "आणि बाकीचंही". बाकीचं म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. आनेलीने विचारलं नाही आणि परतताना गाडीत तिने ते माझ्यावर काढलं. म्हणाली, "आई, तुझ्या स्वयंपाकघरात दिवसभर बोलतं कोण? तू आणि होल्गर. म्हणजे कुणीच नाही." शहरातल्या पाळणाघरात एक जागा रिकामी होतेय म्हणे. चाळीस किलोमीटर. एप्रिलमध्ये पोरीत फरक दिसला नाही तर तिला रोज तिकडे ठेवणार. मी गप्प बसले, म्हणजे तिचंच म्हणणं खरं करून दाखवलं.

तू लुंडमध्ये पस्तीस वर्षं न बोलणाऱ्या मुलांना बोलतं केलंस. मी काय करू ते सांग. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी लिहीत नाहीये आणि तूही लिहू नकोस.

बेरित

ग्रानसेले, ३ फेब्रुवारी

सोल्वेग,

तुझं कार्ड मिळालं. ना माझं नाव, ना तुझी सही. "ओळखीच्या पाच वस्तू टोपलीत ठेव, वर फडकं टाक. एक-एक विचार आणि गप्प बस, मनात दहा मोज. तिच्याकडून शब्द वदवून घेऊ नकोस. समज आधी येते, बोलणं मागून." बस. पाणीपट्टीची नोटीससुद्धा याहून प्रेमळ असते. पण मी ते कार्ड खिडकीला टेकवून ठेवलंय आणि येता-जाता वाचते.

टोपलीत घातलं ते असं: ईल्वाचा लाल बूट, लाकडी चमचा, कान तुटलेला कप, कापडी अस्वल आणि होल्गरची टोपी. होल्गर तुला आठवत असेल. तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ बाजूला करायची गाडी चालवली त्याने. आता बायको नाही, गाडी नाही, म्हणून रोज दहाला माझ्याकडे कॉफी प्यायला येतो. दिवसाला अकराएक शब्द बोलतो, आणि त्यातले चार हवेबद्दल असतात.

फडक्याखालून एक-एक वस्तू डोकावते हे ईल्वाला फार आवडलं. "कप कुठे गेला?" म्हणून मी मोजायला लागते. आणि सोल्वेग, दहा आकडे इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. तिनावर आले की माझंच तोंड उघडतं, "हा काय कप." आनेली म्हणते मी बोलत नाही, इथे तर मी पोरीला बोलूच देत नाही असं दिसतंय. शेवटी होल्गरला सांगितलं की मी मधेच बोलले तर टेबलावर चमचा वाजव. पहिल्या दिवशी त्याने एवढा चमचा वाजवला की ईल्वाला तोच खेळ वाटला.

पण आता दहापर्यंत पोचते, आणि मधल्या वेळात पोर काय करते ते दिसतं. आधी डोळे जातात. मग खांदा. हात सगळ्यात शेवटी. चौथ्या दिवशी तिने पाचही वस्तू बरोबर काढल्या. तेव्हा "चमचा कुठे" तिला कळतं. नर्सच्या टेबलावर तो तिचा चमचा नव्हता, एवढंच.

आणि हे मला फारच गमतीचं वाटलं: बूट म्हणजे तिच्या लेखी फक्त तो लाल बूट. माझा पुढे ठेवला आणि म्हटलं, "हाही बूट", तर अशी बघते की मी काहीतरी थाप मारतेय. होल्गरला आपण होल्गर म्हणतो, तसं तिने बुटाला बूट हे नाव दिलंय; एकट्याचं. मग मी घरातले होते-नव्हते तेवढे बूट, रबरी, लोकरी, आनेलीचे उंच टाचांचे, माळ्यावरचे बाबांचे स्कीचेसुद्धा, दारापासून चुलीपर्यंत रांगेत लावले. आम्ही दोघी रांगेबरोबर रांगत गेलो आणि प्रत्येकाला हात लावून म्हटलं, बूट. अकराव्या बुटाशी ती थांबली, मागे वळून सगळी रांग पाहिली, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. एक शब्द मोठा होताना मी डोळ्यांनी पाहिला. तू हे पस्तीस वर्षं पाहत होतीस आणि मला कधी सांगितलं नाहीस.

हे बरोबर केलं का ते कळव.

बेरित

ग्रानसेले, २६ फेब्रुवारी

सोल्वेग,

या वेळी वर माझं नाव होतं. पाहिलं मी. "बेरित, बुटांची रांग चांगली. आता मुद्दाम चुका कर. चमचा पायात घाल, कपाला टोपी म्हण. ती हसली किंवा चिडली तर तो शब्द तिला पक्का कळला."

हा खेळ होल्गरसाठीच काढलाय असं वाटतं. मी फक्त म्हटलं, "होल्गर, टोपी घाल." त्याने चेहरा अजिबात न हलवता कॉफीची किटली उचलली आणि डोक्यावर धरली. ईल्वा इतकी हसली की तिला उचकी लागली. मग त्याने अस्वलाला बुटात बसवून चमच्याने नांगरत नेलं, बर्फाच्या गाडीसारखं. मी त्याला वीस वर्षं ओळखते. मला वाटायचं त्याच्या आत काही चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो, वेलदोड्याचे बन होते. मी अस्वलाकडे बोट दाखवून विचारलं, "ईल्वा, अस्वलाला भूक लागलीय?" आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. सहावर आला आपला तो आवाज, ओठ आवळून हवा आत ओढायचा, श्शुप्. मी होल्गरला म्हणाले, "तुला नाही विचारलं."

होल्गरने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड बनने भरलेलं होतं.

ती ईल्वा होती, सोल्वेग. परत विचारलं, "भूक लागलीय?" परत ओठ आवळले, भुवया जरा वर, श्शुप्, अगदी गरम कॉफीचा पहिला घोट घेतल्यासारखं. आईसारखं. तुझ्या लक्षात येतंय ना? आपल्या इथे उत्तरेत माणूस हो म्हणत नाही, हो आत ओढतो. आईबाबांचं सगळं लग्न त्या एका आवाजावर चाललं. पोरगी केव्हापासून हो म्हणतेय देव जाणे, आणि मी तिला बिनधोक उत्तर देतेय, आणि तो शब्द आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही, कारण आपण त्याला शब्दांत धरतच नाही. बिचाऱ्या मालिनच्या गावी हो म्हणताना हवा बाहेर जाते. तिला वाटलं सर्दी.

तेव्हा ईल्वाला एक शब्द येतो. तो आत जातो म्हणून कुणी ऐकला नाही. आनेलीला मी अजून सांगितलं नाही. आधी तू सांग की मी वेडी नाही.

बेरित

ग्रानसेले, १२ मार्च

सोल्वेग,

तुझं कार्ड दोन दिवस मी पावाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

"बेरित, श्वास म्हणजे श्वास. मूल श्वासाचीही नक्कल करतं. हो तेव्हाच हो, जेव्हा ते नाहीपासून वेगळं असतं. दोन प्रश्न विचार, एक खरा, एक खोटा. एकावर विसंबू नकोस. पूर्वीही तू विसंबली होतीस."

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहू नकोस असं मी म्हटलं होतं. तू चार शब्दांत लिहिलंस. ठीक आहे. मग मीही लिहिते, म्हणजे दोघींना माहीत असलेलं निदान एकदा कागदावर येईल.

आई इस्पितळात होती. तू लुंडला होतीस, तुझ्याकडच्या त्या न बोलणाऱ्या मुलांच्या परीक्षा चालू होत्या. मी तुला फोन केला नाही. आई मंगळवारी गेली. तू आलीस ती थेट चर्चला, अंत्यविधीला, आणि मी तुला सांगितलं की मी आईला विचारलं होतं, सोल्वेगला ईस्टरपर्यंत लुंडलाच राहू दे का, आणि आई हो म्हणाली. तू विचारलंस, "कोणत्या शब्दांत?" मी म्हटलं, आपल्या नेहमीच्या. तिने हवा आत ओढली. तू चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणालीस, "बेरित, आई हो म्हणाली नाही. आईला धाप लागली होती." त्यानंतर आपण बोललो नाही.

आता तुझ्या परीक्षेचा निकाल. मी ईल्वाला चमचा दाखवून विचारलं, "हा चमचा आहे?" श्शुप्. "हा बूट आहे?" श्शुप्. "होल्गर गाय आहे?" श्शुप्, आणि होल्गरनेही तिच्याबरोबर ओढला, कारण तो कशालाच नाही म्हणत नाही. सगळी सकाळ असंच. मी जे विचारीन त्याला हो.

म्हणजे तू म्हणालीस ते खरं. नुसता श्वास. मी खुर्चीवर बसले आणि मला राग आला, तुझा नव्हे, त्या पोरीचा. दोन वर्षंही न झालेल्या पोरीचा. मग तिने येऊन माझ्या मांडीवर चमचा ठेवला आणि मला लाज वाटली.

आनेलीने पाळणाघराचा अर्ज भरलाय. सही तेवढी बाकी आहे.

बेरित

ग्रानसेले, ३० मार्च

सोल्वेग,

उलट टपाली उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आणि या वेळी कार्ड मागेही लिहिलेलं, बारीक अक्षरात, कडेकडेने. त्यातलं हे मी पाठ केलंय: "होल्गर गाय असला काय नि नसला काय, तिचं काय जातं? तिला तुझ्याशी खेळायचंय, म्हणून ती हो म्हणते. नाही म्हणण्यात तिचा काही फायदा असेल असं विचार. तिचं काहीतरी पणाला लाव."

लावलं. आज दहा वाजता तिच्या ताटलीत एकच बन उरला होता, वर साखर. मी होल्गरला डोळा मारला आणि विचारलं, "ईल्वा, तुझा बन होल्गरला देऊ?" होल्गरने हात पुढे केला. काय तो हात, फावडं नुसतं. मी मोजायला लागले. दोनावर तिने त्या हाताकडे पाहिलं. चारावर माझ्याकडे. पाचावर म्हणाली, "नाही."

आवाज काढून. खणखणीत. खिडकीतलं तुझं कार्ड हललं असेल.

होल्गरने हात मागे घेतला आणि म्हणाला, "बरं बाई." मी विचारलं, "मग बन तुलाच देऊ?" श्शुप्. "होल्गरचे बूट तू घालशील?" नाही. "तुझे घालशील?" श्शुप्. "अस्वलाला बाहेर बर्फात टाकू?" नाही, नाही, नाही. "अस्वलाला शाल देऊ?" श्शुप्. वीस प्रश्न विचारले. वीसच्या वीस बरोबर. होल्गरने पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कडेला खुणा केल्यात. तो कागद याच पाकिटात घालतेय, तुला पुरावा लागतो म्हणून.

चारला आनेली आली. दारातच म्हणाली, "ईल्वा, घरी जायचं?" ईल्वा म्हणाली, "नाही." आनेली कोटासकट जमिनीवर बसली. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा म्हणाली, "घरी जायचं नाही?" आणि ईल्वाने श्वास आत ओढला. मी सांगितलं, "तो हो आहे. तुझी पोर केव्हापासून हो म्हणतेय." आनेलीने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "आई, मलाही ऐकू येत होतं. मला वाटायचं ती तुझ्यासारखी सुस्कारे टाकते."

अशी आमची जत्रा. फार आनंदाचा दिवस होता आणि मी तो तिथेच संपवायला हवा होता.

पण त्या दोघी गेल्यावर मी कपबशा विसळत होते आणि मनात एक विचार आला. ईल्वाला नाही म्हणायला आवाज लागला. हो म्हणायला लागत नव्हता. मी आरशासमोर उभी राहून श्वासाने नाही म्हणून पाहिलं. येत नाही. करून बघ. आपल्या घरात आत ओढायचा 'हो' आहे, आत ओढायचा 'नाही' मात्र नाही. ज्याला आवाज काढता येत नाही त्याच्याकडे फक्त हो उरतो.

शेवटच्या आठवड्यात आईचा आवाज गेला होता.

उद्या लिहिते.

बेरित

ग्रानसेले, ३१ मार्च

सोल्वेग,

दोन प्रश्न विचार, असं तू लिहिलं होतंस. मी विचारले होते.

शुक्रवार होता, दुपार. आधी मी विचारलं, "आई, सोल्वेगला बोलावू?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि श्वास आत ओढला. मी उठले. बाहेर फोन होता, सुटे पैसे हातात होते. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मग विचारलं, "की ईस्टरपर्यंत राहू दे तिला तिकडेच?" आईने तसाच श्वास आत ओढला. अगदी तसाच. मी दुसरा हो धरला.

तुला मी फक्त दुसऱ्याबद्दल सांगितलं. पाद्रीसाहेबांना, आनेलीलाही तेवढंच. अकरा वर्षांत पहिल्या प्रश्नाबद्दल मी कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

मला कळलं नाही म्हणून तसं झालं असं मी म्हणणार नाही. पाच महिने मी तिला अंघोळ घातली, भरवलं, तिचे केस विंचरले. आणि तू रात्रभर गाडीत बसून आली असतीस, बॅग दारात ठेवली असतीस, आणि आईचा चेहरा उजळला असता, जसा तो माझ्यासाठी पाच महिन्यांत एकदाही उजळला नाही. मला ते पाहायचं नव्हतं. चार दिवस आई मला एकटीला हवी होती. वाटलं, पुढच्या आठवड्यात बोलावू. पुढचा आठवडा असणार नाही हे मला माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

आई कशाला हो म्हणाली ते मला कळलं नाही. दोन्हींना म्हणाली असेल. किंवा तू म्हणतेस तसं, तिला धाप लागली असेल. पण त्या मंगळवारनंतर रोज मला पहिलाच श्वास ऐकू येतो, दुसरा नाही.

पायऱ्यांवर तू सगळ्यांसमोर बोललीस म्हणून मी इतकी वर्षं रुसून बसले. रुसणं सोपं होतं. तुझं चुकलं असं म्हणत राहिलं की माझं बघावं लागत नव्हतं.

एवढंच.

बेरित

ग्रानसेले, २२ एप्रिल

सोल्वेग,

तुझं काही आलं नाही. मी वाट पाहत नाही असं लिहिणार होते, पण टपालाची गाडी वळणावर आली की ईल्वा आता माझ्याआधी दाराशी पोचते, कारण रोज तिला घेऊन मीच तिथे उभी असते. पोरीपासून काही लपत नाही.

तपासणी झाली, तेवढं कळवते. तुझाच रुग्ण आहे तो एका अर्थी.

मालिनने तोच बूट, तोच चमचा मांडला. मी आमची टोपली नेली होती. मालिन हुशार आहे, तिने लगेच आपल्या वस्तू बाजूला सारल्या. "टोपी कुठे?" ईल्वाने होल्गरची टोपी काढली, आणि मग खोलीभर फिरून खुंटीवरची डॉक्टरांची टोपीही काढून आणली. टोपी हा शब्दही मोठा झालाय, तुला सांगायचं राहिलं. मग मालिनने आपली बाहुली उचलली, "ही बाहुली आहे?" श्शुप्. मालिन म्हणाली, "सर्दी अजून आहेच का?" तेव्हा आनेली म्हणाली, "ती हो म्हणाली. नीट ऐका." माझ्या लेकीने म्हटलं, मी नाही.

मालिनला पटायला वेळ लागला. मग तिने स्वतः करून पाहिलं आणि तिला ठसका लागला. दुसऱ्यांदा जमलं. ईल्वाने तिच्याकडे असं पाहिलं की या बाईला अखेर बोलता यायला लागलं. कागदावर मालिनने लिहिलंय: समज वयानुसार. होकार श्वासाने देते. उमेओला जायचं नाही.

पाळणाघराचं म्हणशील तर आनेलीने सही केली. ऑगस्टपासून आठवड्याचे तीन दिवस. म्हणाली, "आई, तिला मुलंही हवीत. ती होल्गरसारखी व्हायला लागलीय." खरंच आहे, काल ती कॉफीच्या वेळी खिडकीबाहेर बघून मान हलवत होती. मंगळवार आणि गुरुवार माझे राहिले. मला वाईट वाटलं, पण मी तोंडाने हो म्हटलं, आवाज काढून, म्हणजे तिला मागाहून शंका नको.

तुझी कार्डं आता चार झालीत. मी ती टोपलीतच ठेवलीयत, फडक्याखाली. ईल्वाला विचारलं, "सोल्वेग कुठे?" तर ती कार्ड काढते. तुला पाहिलेलं नाही तिने, तेव्हा तिच्या लेखी सोल्वेग म्हणजे लुंडच्या चर्चचं चित्र असलेला एक जाड कागद. शब्द मोठा करायला खरी वस्तू दाखवावी लागते, हे तुझंच शिक्षण. मी काही सुचवत नाहीये.

बेरित

ग्रानसेले, ५ मे

सोल्वेग,

पाचवं कार्ड आज मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, पहिल्या कार्डासारखं. मी ते दाराशीच वाचलं, मग आत येऊन खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. दोनच प्रश्न आहेत, आणि ते तू कुठून घेतलेस ते मला कळलं.

"मी येऊ? की राहू दे?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही. नाहीला आवाज लागतो, म्हणून मी ते स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं. ईल्वाने ताटली पोटाशी धरली, तिला वाटलं बनाचं काही आहे.

पहिल्याचं उत्तर मला कागदावर लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. पण मी तुझा प्रश्न वाचून दाखवला. ईल्वाला कार्ड दाखवलं आणि विचारलं, "सोल्वेग येऊ दे?" आणि मोजायला लागले. चारापर्यंतच पोचले. तिने ओठ आवळून श्वास आत ओढला. होल्गरने ओढला. मग मी.

बेरित